चालूच हाय ना

कूलरसमोर बनियनवर बसून
मुरलीमामा विचारतात,
"म्हणजे तू दिवसभर नुसती बटनं दाबत राह्यतं का वं?"

हो मामा, दाबते.
घाईत दोनदा दाबते. ओल्या अंगठ्याने दाबते.
अर्ध्यातच नेट गेलं, तर बघू काय होतं, म्हणून दाबते.
कडेवर लेकरू आणि चष्मा घरी विसरलेल्या
बाईसारखी दाबते.

"कोडिंग नाही जमलं का तुले?"
मामी पन्हं ठेवते, मी पिते.

गायत्रीनगर, आयटी पार्क, तिसरा मजला.
मे महिना. टँकर मागवायचं ॲप.
शुक्रवारी साडेसहाला डेहनकर सर
जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं म्हणतात,
"टेस्टिंग तेवढं उरकून घे."
प्रणय गजभिये म्हणतो,
"माझ्या मशीनवर चालून राह्यलं."
टँकर तुझ्या मशीनवर नाही यायचा, राजा.

नऊशे बारा चाचण्या आपोआप धावल्या,
सगळ्या हिरव्या.
त्यातली एकही
झिंगाबाई टाकळीत राहत नव्हती.

मी पत्ता टाकला: प्लॉट नं. ४७/ब.
त्या तिरप्या रेघेवरून मागणी घसरली
ती कुठेच पोचली नाही.
स्क्रीनवर मात्र ठळक अक्षरात,
टँकर निघाला आहे.

प्रणय चिडला. "चांगलं चालू होतं, तू मोडलंस."
मोडलेलंच होतं रे.
मी फक्त तिथे जाऊन उभी राहिले,
रिकामा ड्रम घेऊन.

रात्री अकराला एका ओळीत दुरुस्त झालं.
खाली टपरीवर त्याने विचारलं,
"हे सुचलं कसं तुला?"
अकरावीपर्यंत मी ४७/ब मध्ये वाढले,
आणि टपालवाला आमची पत्रं
४७ मध्येच टाकून जायचा.
हे मी सांगितलं नाही. चहाचे पैसे दिले.

"आता एकही बग नाही ना?" सरांचा मेसेज.
मी लिहिलं, सापडला नाही.
पुसून परत लिहिलं,
आज, एवढ्या वेळात, मला सापडला नाही.
त्यांनी अंगठा पाठवला.

मामा अजून बोलताहेत.
कोणाचा तरी भाचा पुण्यात, पॅकेज, वगैरे.
घाम त्यांच्या गळ्यावरून उतरतोय.
"मामा, कूलर..."
"चालूच हाय ना," मामा म्हणतात,
"लाइट दिसत नाही का तुले? पंखा फिरून राह्यला."

मी उठते.
मागे जाऊन खसाच्या ताटीला हात लावते.

कोरडी.