सतरंज्या

कायानीच्या इस्पितळातून आलेली मुलगी, नाव हिल्ला,
दारातच बूट काढून लोकरी मोज्यांनी
घरभर फिरली, मोजपट्टी उलगडत, मिटत.
पलंग चव्वेचाळीस सेंटिमीटर. हवा बावन्न.
संडासची बैठक फार खाली.
दाराशी आणि न्हाणीत धरायला दांडी.
रात्री एक दिवा, पाय दिसतील इतका.
आणि या सतरंज्या, म्हणाली, सगळ्या उचला.
मांजराकडे पाहून जरा थांबली.
ती गुंडाळता येत नाही, मी म्हणालो.
हसली. वहीत काही लिहिलं नाही.

सगळ्या म्हणजे नऊ.
साइमीनं विणलेल्या, मागच्या खोलीतल्या मागावर,
हिवाळ्यात एक, कधी दोन.
या घरात कापड फेकलं जात नाही, फाडलं जातं.
तिच्या आईचे पडदे. पोरांच्या चादरी.
लाल पट्टा आहे तो आउनेच्या स्केटिंगच्या झग्याचा,
दोनदाच घातला होता.
निळी सतरंजी माझ्या गणवेशांची.
अठ्ठावीस वर्षं कुह्मो ते कायानी, कायानी ते कुह्मो,
सीटवर झिजलेल्या विजारी
बोटभर रुंद चिरून.
तिच्याच कोपऱ्यात साइमीचं पाऊल अडकलं, नोव्हेंबरात,
हातात बटाट्यांचं पातेलं होतं.
मी बाहेर लाकडं फोडत होतो.
कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्ये
ऐकू यायला हवं होतं.

उंबरठाही, हिल्ला म्हणाली होती.
तो मीच बसवलेला, लग्नानंतरच्या उन्हाळ्यात,
बर्चचा, चांगला तीन बोटं उंच,
वारा आत येऊ नये म्हणून.
करवत जुनी, गुडघे तिच्याहून जुने.
कापताना आतलं लाकूड पांढरं निघालं,
कालच तोडल्यासारखं.
मग उठताच येईना.
तिच्यासाठी ठोकलेली दांडी धरली.
पेललं तिनं.
हे कोणाला सांगायची गरज नाही.

स्वयंपाकघरातलं सगळं खाली आणायचं,
तिच्या कमरेपासून खांद्यापर्यंत जेवढं येईल तेवढंच.
खांदा किती उंच? सत्तेचाळीस वर्षांत
मोजायची वेळ आली नव्हती.
माझ्या छातीला जिथं लागतो तिथं बोट ठेवलं
आणि तसाच भिंतीला चिकटून
पेन्सिलीनं खूण केली.
कॉफीचे कप, पीठ, राईची पावं.
मीठ शोधायला पंधरा मिनिटं गेली.

तीनला अंधार पडला. दिवा न लावता
पलंग ते न्हाणी चालून पाहिलं.
माझी अकरा पावलं.
मग वॉकर घेऊन, तिच्यासारखी लहान टाकत: चोवीस.
सोळाव्यावर मांजर.

बाहेर उणे सव्वीस. उंबरठा नाही तिथून
थंडी सरपटत आत आली, आमंत्रण असल्यासारखी.
दुसरं काही हाताशी नव्हतं,
निळीच आणून दाराच्या फटीला दाबून बसवली.
उद्या दहाच्या आधी काढायची. मनगटावर लिहून ठेवलं: काढ.

नऊला तिचा फोन.
सूप पाणचट. शेजारच्या खाटेवरची बाई
झोपेत देवाशी भांडते.
मग जरा वेळ काहीच नाही, मग,
सतरंज्या काढल्यास?
काढल्या.
गुंडाळून की घड्या घालून?
गुंडाळून.
घडीवर मोडतात त्या, तुला सांगितलंय.
सांगितलंयस.

फोन ठेवला. कोट चढवला, टॉर्च घेतला.
सौनाच्या ओसरीत एकावर एक
रचल्या होत्या आठ घड्या,
गारठून पुठ्ठ्यासारख्या ताठ.
टॉर्च दातांत धरून
एकेक उलगडली, हातानं घड्या मोडल्या,
काठाला काठ लावून गुंडाळत गेलो.
हातमोजे घरातच राहिले होते.
आठवीला पोचलो तेव्हा
बोटं माझी उरली नव्हती,
आणि लाल पट्टा बाहेरच्या बाजूला आला होता.
पुन्हा उलगडली.