पिना

शाळा सकाळची झाली होती, मार्च सरत आलेला,
वाचनालयातल्या कूलरला अजून गवत बसवलेलं नव्हतं,
नुसतीच गरम हवा फेकत होता.
त्या हवेत बोरकुटे साहेबांनी टेबलावर ठेवला
पान सत्त्याऐंशीचा झेरॉक्स,
अर्ध्याहून जास्त पिवळ्या शाईनं माखलेला,
उडू नये म्हणून वर स्वतःचा मोबाईल.

"हे वाचायला देता का जी तुम्ही दहावीच्या पोट्ट्यांना?"

सत्त्याऐंशी. फक्त सत्त्याऐंशी.
शहाऐंशीवर ती मुलगी दिवाणाखाली लपते.
अठ्ठ्याऐंशीवर आई सगळं ऐकते, आणि पोळी उलटते.
ते त्यांनी वाचलं नव्हतं.
पण आवाज खोटा नव्हता त्यांचा.
इतवारीत पत्र्याच्या पेट्या विकणारा माणूस,
कोयंडा घट्ट बसला की आतलं सुरक्षित,
एवढं धंद्यानं त्यांना शिकवलेलं.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, वाचा कोणीतरी मोठ्यानं,
म्हणजे ठरवता येईल.
कोणी वाचेना.
गणिताच्या सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
चहा ठेवता ठेवता श्रावण म्हणाला,
"आमच्या गावाकडं लग्नात बाया याच्याहून भारी गातात, मॅडम."
सगळे हसले. मीही हसले.
त्या पानावर हसण्यासारखं काही नव्हतं.

मी काय बोलले?
फारसं नाही.
सातवीच्या पोरानं ती मागितली
तर मीही म्हणेन, थांब बाप्पा, दोन-तीन वर्षं थांब.
आणि पुढे एक प्रकरण आहे, दारूच्या गुत्त्यातलं,
जे लेखकानं उगाच लिहिलंय असं मला अजून वाटतं.
पण हे सगळं सांगायला
कूलर बंद करावा लागला असता,
आणि तो बंद करायला कोणी उठलं नाही.

मधला मार्ग निघाला.
पुस्तक राहील. सत्त्याऐंशी ते चौऱ्याण्णव पिना मारून बंद.
स्टेपलर माझा होता.
चार पिना, वर, खाली, दोन मधे.
हाताला खट् खट् असा आवाज अजून आहे.

जून संपता संपता शाळा उघडली.
निळ्या पुठ्ठ्याची ती कादंबरी
कपाटात दोन दिवस सलग टिकेना.
रजिस्टरात अकरा नावं,
त्यातली सात जणं एरवी वाचनालयात
फक्त पंख्याखाली बसायला येणारी.

पुस्तक परत यायचं तेव्हा पिना जागच्या जागी.
ऑगस्टात एकदा बोट फिरवलं तर टोचलं.
एका पिनेचे पाय उलट्या बाजूला वळलेले.
कोणीतरी काढल्या होत्या, नखानं, जपून,
आणि त्याच भोकांतून परत बसवल्या होत्या.

मीही काढल्या.
सत्त्याऐंशीच्या समासात पेन्सिलीनं,
मुंगीएवढ्या अक्षरात:
'इथे तिनं ओरडायला पाहिजे होतं.'
त्याखाली दुसऱ्या हातानं:
'आवाज निघत नाही ना पण.'
त्याखाली तिसरं, निळ्या बॉलपेननं, घाईत:
'मग सांगायचं कोणाला?'

नियम असा की शाळेच्या पुस्तकावरचं लिखाण
ग्रंथपालानं खोडायचं.
खोडरबर ड्रॉवरमध्ये होता, नवा, सुगंधी.
बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट,
कोणाचा तरी डबा सांडला होता, पोरं ओरडत होती,
आणि मी ते मधलं वाक्य
परत परत वाचत बसले.
अक्षर जुळवून बघता आलं असतं, रजिस्टर समोरच होतं.
हात त्यावर ठेवला. उघडलं नाही.
चूक केली असेल.

मग पेन्सिल घेतली,
तीस वर्षांत पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकावर लिहिलं:
'वाचनालय. मधली सुट्टी. दार लोटलेलं असतं, कडी नसते.'
पिना परत मारल्या नाहीत.
बोरकुटे साहेब पुन्हा आले, तर येऊ देत.
कूलर मी आधी बंद करीन.

सोमवारपासून एक मुलगी येते.
अ‍ॅटलास मागते.
समोरच्या बाकावर बसते, तो उघडत नाही,
घंटा होईपर्यंत त्याच्या पुठ्ठ्यावर
बोटानं काहीतरी गिरवत राहते.
मी पुस्तकांना कव्हरं घालते.
आज जाताना म्हणाली,
"मॅडम, उद्या तुम्ही आहात ना?"