पावणेआठ

चौघांचं एक गलबत. सुकाणू माझ्याकडे.
मस्कतहून इम्तियाज सोलकर शिडं सांभाळतो,
वेंगुर्ल्याचा फ्रेडी तोफेपाशी,
आणि चौथा कोण, कुठला, ठाऊक नाही;
तो बोलत नाही, फक्त गळती बुजवतो.

उत्तरेच्या धुक्यात शिरलो
की पाणी दाट होतं, लाटेच्या पाठीवर चंद्र फुटतो
आणि तेवढ्यात
पडदा काळा.
पंख्याचा एक उसासा. मग पांढरी चौकट:
ग्राफिक्स कार्ड प्रतिसाद देत नाही.

तांडेलाशिवाय गलबत खडकावर जातं.
"पडलास परत?" फोनवर इम्तियाज.
पडलो.

नवा ड्रायव्हर घातला. जुना घातला.
दोन्ही मुळासकट उपटून मधला घातला.
सावल्या बंद केल्या, झाडं उघडी पडली.
पाण्यातली प्रतिबिंबं बंद केली,
समुद्र डांबरासारखा झाला
आणि वर आम्ही, कॅरमच्या सोंगट्या.
अख्खा खेळ पुसून पुन्हा उतरवला,
साठ जीबी, देवगडच्या रेंजवर, तीन रात्री.

भालू कुबल दुकान बंद करून आला.
कॅबिनेट उघडलं, आधी वास घेतला.
"ह्या वाऱ्यान माणूस गंजता,
तू कार्डाचा काय घेऊन बसलंस?"
माझ्या मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागितलं
आणि कार्डाचे सोनेरी दात घासत बसला.
खोडरबर हिरवट काळं झालं.
मुलीनं ते परत घेतलं नाही.

दोन दिवस खेळ नीट चालला.
(त्या दोन दिवशी बंदरावर बावटा होता,
बोटी बाहेर गेल्याच नव्हत्या.
हे मला नंतर कळलं.)

कॅनिंगच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो.
तशीच वही घातली: तारीख, ड्रायव्हर, तापमान,
नकाशावर नेमकं कुठे पडलो.
एकाहत्तर अंश. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर.
जून-जुलैत एकदाही नाही;
श्रेय मी जुलैच्या ड्रायव्हरला दिलं,
खाली लाल रेघ मारली.
नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू.
वेळेचा रकाना मी आखलाच नव्हता.

मग एका गुरुवारी
स्वयंपाकघरातून, वाटण अर्धवट ठेवून, शर्वरी:
"पडला ना तुझा? माझा मिक्सर पण याच वेळी रडतो.
बोटी आल्या की."
"कसल्या बोटी?"
"बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर लागते.
देव्हाऱ्यातला बल्ब बघ."
बल्ब बघितला. देवांचे चेहरे
कावीळ झाल्यासारखे.
"हे कधीपासून?"
"मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

भालूनं जुना स्टॅबिलायझर दिला, हप्त्यानं.
टेबलाखाली तो म्हाताऱ्या बोक्यागत गुरगुरतो,
पावणेआठला टक् करतो,
आणि धुकं तसंच राहतं, चंद्र फुटत राहतो.
सावल्या मी परत लावल्या. झाडांना बरं वाटलं असावं.

काल टक् झालं
आणि माझ्या तोंडून माईकवर निघून गेलं,
"बोटी आल्या."
गलबतावर क्षणभर कोणीच काही बोललं नाही.
मस्कतमध्ये कुठलातरी एसी घरघरत होता.
मग इम्तियाज, हळूच: "काय मिळालं?"
खिडकीतून वास येतच होता. म्हटलं, "बांगडा.
भरपूर असणार."

आणि तो चौथा,
जो दीड वर्षात एक अक्षर बोलला नव्हता,
खाकरला:
"कसो दिलो बांगडो?"

त्या रात्री गळती बुजवायची राहून गेली.