काटकोन

लोरोसात बुचांचे कारखाने आहेत.
बाटलीच्या तोंडाची मापं तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाठ.
त्यांना नवं यंत्र हवं होतं:
ओकच्या सालीची पट्टी पुढे सरकवायची, थांबायचं,
पोकळ पात्यानं बूच कापायचं, पुन्हा सरकवायचं,
मिनिटाला नव्वद वेळा.

सर्वो मोटर ठरली होती. उरला होता गिअरबॉक्स.

मोटरला तीन हजार फेऱ्यांची घाई,
आणि साल तर अशी, की झाडावरून एकदा सोलली
की पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही.
दोघांचं जमवायचं कसं?
दहाला एक.
तेवढं केलं की पलीकडचं जडत्व
मोटरला शंभरावा हिस्साच जाणवतं.
वर्गाचा महिमा.
शाळेत कुणी हे असं सांगितलं असतं
तर मी वर्गात जागी राहिले असते.

तीन कॅटलॉग उघडे, चौथ्यावर कॉफीचा कप.
अबीलियो म्हणाला, वर्म लाव,
माझ्या बापानं लावला होता, धरलं की सोडत नाही.
म्हटलं, दहाला एकवर त्याचा हट्टही अर्धवट,
तापतो मात्र पुरता.

मला आवडला प्लॅनेटरी.
मधे एक सूर्य, भोवती तीन ग्रह,
तिघंही भार वाटून घेणारे, कुरकुर न करणारे.
दातांतली फट तीन आर्कमिनिटं.
सरळ जोडणीचा, नाकासमोर चालणारा,
खिशालाही सोसणारा.
धक्क्यांसाठी दीडपट हातचं राखलं,
बेअरिंगचं आयुष्य काढलं, वीस हजार तास.
शुक्रवारी सही करायची होती.

गुरुवारी फक्त बोल्टची भोकं मोजायला गेले.

जुनं चार नंबरचं यंत्र भिंतीला समांतर,
त्याची मोटर मात्र वाटेत आडवी आलेली,
आणि मोटरच्या टोकाला चिंधी.
फुलाफुलांचं कापड, चार-पाच पदर,
वरून सुतळी, गाठ अशी की
ती एका दिवसात बसलेली नव्हती.
हे काय?

देओलिंदा बुचं निवडते.
टोपली कमरेवर ठेवूनच ती थांबली,
मोकळ्या हातानं दुसऱ्या बाजूचं हाड थोपटलं.
आधी मोटर आली, म्हणाली.
मग काळानिळा डाग. मग चिंधी.
आणि गेली, एकवीस वर्षांचा रस्ता
मिनिटभर खोळंबला होता तेवढाच.

माझ्या आराखड्यात त्या जागी काहीच नव्हतं.
पांढरा कागद.
आणि त्या पांढऱ्यात माझा नाकासमोर चालणारा
एक्केचाळीस सेंटिमीटर घुसलेला.

रात्री सगळं पुन्हा मांडलं.
काटकोनी जोडणी: मोटर यंत्राच्या कुशीला लागून निजते,
वाट मोकळी.
बदल्यात तिरप्या दातांची एक जोडी जास्त,
फटीत दोन मिनिटांची भर,
शंभरातले दोन-तीन वाया, किंमत चढी.
पाती तरीही जागच्या जागी पडत होती.
तीनदा तपासलं. पडत होती.

एका कमरेपायी तीनशे युरो?
अबीलियोनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला,
मग खिशातली टेप काढून
न बोलता बोळात गेला.
परत आला तेव्हा एवढंच म्हणाला,
तेल भरायचं तोंड वरच्या बाजूला घे,
नाहीतर मला वाकावं लागेल.

निवडीचं कारण या रकान्यात
मी लिहिलं: जागेची अडचण.
चिंधीसाठी रकाना नसतो.

नवं यंत्र बसून आता आठ महिने झाले.
देओलिंदा अजून त्या जागी आली की
अंग चोरते,
रिकाम्या हवेला सवयीनं वळसा घालते,
आणि टोपलीतलं एकही बूच सांडत नाही.