रविवारी उघडणारी शाळा

फतेगंजातली आमची बालवाडी रविवारी उघडते.
समोरच्या इस्त्रीवाल्याला हे सहा वर्षांत पटलेलं नाही.
आज पण, बाई? तो विचारतो.
आज पण. शनिवारी आम्ही झोपून घेतलंय.

मुलं नऊ. त्यांतली आमची तीन:
एलिशा, नओमी, आणि बन्यामीन,
ज्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नाही.
बाकीची गल्लीतली. फी कमी,
आणि शुक्रवारी पाव मिळतो म्हणून येतात.

परदेशातून आलेल्या तक्त्यावर या महिन्यात लिहिलंय:
गळलेली पानं गोळा करा, रंगांप्रमाणे लावा.
गेलो मग कमाटीबागेत.
कडुलिंब हिरवा. वड हिरवा.
आसोपालव तर हट्टानं हिरवा.
घसरगुंडी अशी तापलेली की कुणी बसेना.
एलिशाला शेवटी एक पिवळं पान सापडलं,
ते वेफरच्या पुडीचा तुकडा निघालं.
आम्ही तेच चिकटवलं.

सोमवारी सासऱ्यांचा शोफार काढला,
रेवदंड्याहून पत्र्याच्या ट्रंकेत आलेला.
आवाज थोडा, थुंकीच फार.
धैवतनं फुंकला तेव्हा गल्लीतली कुत्री उठली,
आणि वरच्या मजल्यावरच्या कमळाबेननी
शंख समजून हात जोडले.
मी काही बोलले नाही.
नमस्कार कुठेतरी पोचतोच.

मंगळवारचं लिहिण्यासारखं काही नाही.
बन्यामीननं खडू खाल्ला.

बुधवारी योनाची गोष्ट.
देवाचं न ऐकता पळाला,
खलाशांनी समुद्रात टाकला,
आणि मग एका भल्यामोठ्या माशानं...
मगर, बाई.
मासा.
मगर! नऊच्या नऊ ओरडली.
विश्वामित्रीच्या पुरात ज्यांनी
सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर पाहिलीय,
वनखात्याची माणसं येईस्तोवर
ओमच्या बाबांच्या स्कूटरखाली जबडा उघडून पडलेली,
त्यांना मी माशाचं काय सांगणार?
तर योना तीन दिवस मगरीच्या पोटात राहिला.
नओमीनं त्याला आत पंखा काढून दिला.
फ्रेयानं विचारलं,
त्याला सॉरी म्हणायला तीन दिवस लागले?
हो.
मला ताईला म्हणायला आठवडा लागतो.

मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.
माझी बहीण लोदला असते.
आईच्या पितळी पातेल्यावरून बोलणं तुटलं,
ज्यात नव्याच्या सणाला चिकाचा हलवा व्हायचा.
अकरा वर्षं.
पातेलं माझ्याकडे आहे. कल्हई गेलीय.

गुरुवारी सगळी पेंगुळलेली, रात्रीचा गरबा पायांत.
पुढच्या आठवड्यातल्या मांडवासाठी
कागदाच्या साखळ्या करायला बसवली.
छत विरळ ठेवायचं, मी सांगितलं,
आतून तारे दिसले पाहिजेत.
मैदानात लाइट बंद झाले तरच दिसतील, धैवत म्हणाला,
आणि डिंकाच्या वाटीशेजारी झोपला.

शुक्रवारी कणकेच्या तीन दोऱ्या, त्यांची वेणी.
कुणाची सैल, कुणाची दोरखंडासारखी.
बन्यामीननं मगर केली.
नवायार्डाच्या बेकरीतून ती भाजून आली
तेव्हा जबडा फुगून मिटलेला.
खा रे, म्हटलं, तर मान हलवली:
आत योना आहे.
तुम्ही ठेवा, बाई. रविवारी बाहेर येईल.

बाराला शाळा सुटली.
संध्याकाळपासून उपास, उद्या दारफाळणीचा सण.
दार मिटायच्या आत जे बोलायचं ते बोलून घ्यावं,
असं आई दर वर्षी म्हणायची,
आणि स्वतः मामाशी शेवटपर्यंत बोलली नाही.

लोदला तेव्हा सकाळचे साडेनऊ.
तिनं उचलला.
मी म्हटलं, अगं, इकडे कडुलिंब अजून हिरवाच आहे.
बरं. मग?
मग काही नाही.
डब्यात पावाची मगर होती, अजून कोमट.
मी तिला मगरीचं सांगायला लागले.