पुरावा क्रमांक चौदा

वुल्व्हरहॅम्प्टनच्या कोर्टात मी ज्युरर नंबर सात.
एरवी इस्पितळात रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते,
चुकीची चिठ्ठी काय करू शकते ते मला ठाऊक आहे.

काचेमागे क्वाबेना. वय एकोणीस.
कॉलरला घरच्या इस्त्रीची घडी.
फोनवर रेकॉर्ड केलेलं त्याचं गाणं
हा पुरावा क्रमांक चौदा.
गाणं वाजवत नाहीत. वाचतात.
सार्जंट हॉलिस वाचतो वाण्याची यादी वाचावी तसं,
मासा कुणीतरी आधीच खाल्लाय
आणि ताटात काटा तेवढा वाढलाय.

मग अर्थ सांगतो.
'पाऊस' म्हणजे सुरी.
'शाळा' म्हणजे टोळी.
'घरी ये' ही धमकी.
आम्हा बारा जणांच्या हातात कागद,
कामाच्या ओळींवर पिवळा मार्कर.

गॅलरीत त्याची आई, बस डेपोच्या जाकिटात.
तिचे ओठ हलतायत,
सार्जंटच्या अर्धा शब्द पुढे.
पाठ आहे तिला.

चौथीत मी पोवाडा म्हटला होता,
बार्शीला, स्नेहसंमेलनात.
काजळाच्या मिशा, कमरेला बाबांचं उपरणं.
वाघनखं खुपसली, कोथळा काढला,
आतडी केवढी लांब ते हात पसरून दाखवलं,
मागे तिघी जणी जी जी रं जी जी
आणि मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले.
बक्षीस स्टीलचा डबा, नाव कोरलेला.
अजून त्यात तूरडाळ असते, इथल्या स्वयंपाकघरात.
त्या रात्री तू कुठे होतीस
असं मला कुणी विचारलं नाही.

हो, तो इतिहास. आणि हा गेल्या मार्चमधला बुधवार.
एक मुलगा खरंच मेलाय.
त्याचीही आई बसलीय, बाकाच्या दुसऱ्या टोकाला,
तिचे ओठ मिटलेले.
दोघींच्या मधे सहा रिकाम्या खुर्च्या.
माझ्या डब्याचं तिला काय?

मी मार्कर न लागलेल्या ओळी वाचते.
'मीटरच्या किल्लीत चाळीस पेन्स,
आई म्हणते कोट घालून झोप.'
बचावाच्या बाईंनी विचारलं, हिचा अर्थ?
सार्जंट म्हणाला, या ओळीचा खटल्याशी संबंध नाही.

या ओळीला मला तज्ज्ञ लागत नाही.
पहिल्या हिवाळ्यात, ब्लेकनहॉलच्या खोलीत असताना,
तीच प्लास्टिकची किल्ली मुठीत धरून
मी कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहायचे,
पाच पौंडांचा गॅस भरायला,
उधार मागायला आल्यासारखी खाली बघत.

आता आम्हाला आत नेतील.
आत कोण काय म्हणालं
ते बाहेर सांगणं इथे गुन्हा आहे,
तेव्हा कविता दाराशीच थांबते.

एवढंच, की शेवटी शिपायानं कागद गोळा केले
तेव्हा सात नंबरच्या कागदावर
एका पांढऱ्या ओळीखाली
नखानं ओढलेली रेघ होती.