ऊन विकत घेताना

डोरीनला वृद्धाश्रमात नेलं त्या मंगळवारी
तिचं कासव माझ्याकडे आलं,
सफरचंदाच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रावर बसून,
सामान न उघडणाऱ्या भाडेकरूसारखं.
नाव ॲल्बर्ट.
त्र्याऐंशी साली अंडं दिलं
तरी डोरीनने नाव बदललं नाही.
म्हणाली, तिला सवय झालीय.

संडरलंडला नोव्हेंबरात ऊन म्हणजे ऐकीव गोष्ट.
समुद्रावरून धुकं येतं, गल्लीच्या तोंडाशी ठाण मांडतं,
आणि साडेतीनच्या सुमारास कुणीतरी
दिवसाचं शटर खाली ओढतं.
मी ॲल्बर्टला खिडकीशी ठेवलं. तिथेच असायची ती.
दुकानातली ब्रायोनी हसली नाही, एवढंच म्हणाली,
"काचेतून उजेड येतो, मिस्टर थर्लवेल.
तिला हवं ते बाहेरच अडतं."

मग तिने काउंटरवर दिवे मांडले.
लाल नको, त्याने रात्रीची रात्र राहत नाही.
पिळाचा छोटा नको, चार बोटांपलीकडे त्याचा जीव पोचत नाही.
पाऱ्याचा मोठा, ऊब नि किरण एकाच पोटात,
पण त्याला थर्मोस्टॅटचा लगाम चालत नाही,
तापला की तापला,
आमचा मुकादम रॅल्फ होता तसा.
शेवटी दोन वेगळे घेतले.
एक रुंद तोंडाचा, अख्ख्या पाठीवर ऊब सांडणारा,
(एका जागी टोचला तर वरून कवच भाजतं
आणि पोट गारच राहतं)
आणि एक लांब नळी, अतिनील.

अतिनील.
शब्द ऐकताच माझे डोळे आपोआप मिटले.
तीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलं मी,
काळ्या काचेमागे तोंड लपवून.
सतराव्या वर्षी शहाणपणा केला एकदा,
मुखवटा न ओढता ठिणगी पाडली.
त्या रात्री पापण्यांखाली कुणी वाळू दळत होतं,
आणि डोरीन उशाशी बसून
गार चहाच्या पुरचुंड्या बदलत होती पहाटेपर्यंत.
ज्याच्यापासून जन्मभर तोंड चुकवलं
ते आता अडतीस पौंडांना, पावतीसकट,
पिशवीत घालून बसने घरी आणलं.

मापाच्या कामात हात अजून चुकत नाही.
पाठीपासून नळीपर्यंत चौदा इंच,
मध्ये जाळी नाही, काच नाही.
दिव्याखाली पस्तीस अंश,
दुसऱ्या टोकाला बावीस आणि एक उलटी कुंडी,
कारण नकोसं झालं तर
उठून जायला जागा हवी.

चार दिवस ती कुंडीतच.
पाचव्या दिवशी चहा घेऊन आलो तर
दिव्याखाली पसरलेली,
मागचे पाय लांब टाकून, मान बाहेर,
पन्नास वर्षांत पहिल्यांदाच
कुणी बूट काढायला सांगितल्यासारखी.
तेव्हा पाठ नीट दिसली:
प्रत्येक खवल्याची टेकडी झालेली.
चुकीच्या खुराकाने होतं म्हणे,
कोरड्या हवेने होतं,
आणि खिडकीने.

रविवारी फोनवर डोरीनने विचारलं,
"उन्हात ठेवतोस ना तिला? खिडकीशी?"
मागे कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू होता.
मी म्हणालो, हो.
म्हणालो, तू ठेवायचीस तिथेच.

नळीच्या टोकावर तारीख लिहिलीय,
पोलादावर खुणा करायच्या जुन्या खडूने.
ब्रायोनीने बजावलंय, वर्षाने बदलायची.
प्रकाश तसाच दिसतो, पांढरा, भरवशाचा,
आतलं मात्र कधी संपलं ते डोळ्यांना कळत नाही.
सातला टायमर खट्‌ करतो.
मी अजूनही आधी मान फिरवतो,
मग बघतो.